हायड्रोजनची गाडी ‘पाण्यावर’ चालत नाही; मग कशावर चालते?

सायलेन्सरमधून धुराऐवजी पाणी सोडणाऱ्या गाडीच्या पोटात नेमके काय घडते, पुण्यात यावर कोणते काम झाले आणि वणी-पांढरकवड्याच्या रस्त्यांवर ती कधी दिसू शकते, याचा हा आढावा.

– डिजिटल डेस्क, यवतमाळ

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतो. कोणीतरी मोटारसायकलच्या टाकीत पाण्याची बाटली ओततो, किक मारतो आणि गाडी सुरू होते. खाली ओळ असते, ‘पेट्रोलला सुट्टी, आता गाडी पाण्यावर’. यवतमाळ, पुसद, वणीहून वाचक तो आम्हाला पाठवतात आणि विचारतात, हे खरे आहे का?

खरे नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे. चुलीतल्या राखेवर पुन्हा भाकर भाजली जात नाही, तसेच पाण्यातून फुकट ऊर्जा निघत नाही. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढता येतो. पण त्यासाठी जेवढी वीज लागते, तेवढी तो हायड्रोजन कधीच परत देत नाही.

हा गैरसमज पसरण्यामागे मात्र एक खरी गाडी आहे. 30 मार्च 2022 रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन कारने संसदेत गेले. या गाडीतून धूर निघत नाही, पाणी निघते, हे त्या दिवशी देशभर दाखवले गेले. फॉरवर्ड होता होता ‘पाणी निघते’चे ‘पाण्यावर चालते’ कधी झाले, ते कळलेही नाही.

गाडीत नेमके काय घडते?

हायड्रोजन फ्युएल सेलची गाडी ही मुळात इलेक्ट्रिक गाडीच आहे. चाके मोटर फिरवते, मोटरला वीज लागते. फरक एवढाच की बॅटरीची गाडी वीज भरून आणते, तर ही गाडी चालता चालता स्वतःची वीज तयार करते. तिच्या बॉनेटखाली एक छोटे वीज केंद्र असते. त्यालाच फ्युएल सेल म्हणतात.

हे काम समजायला आपल्याकडचे जिनिंग उपयोगी पडते. जिनिंगमध्ये रुई फटीतून पलीकडे ओढली जाते आणि सरकी अलीकडेच राहते, कारण फट तिच्यासाठी लहान असते. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनचे असेच होते. सेलच्या मध्ये प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमला लागताच त्याचे दोन भाग होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. अडलेल्या इलेक्ट्रॉनला पलीकडे जायचे तर बाहेरच्या तारेने लांबून जावे लागते. तारेतला इलेक्ट्रॉनचा हा प्रवास म्हणजेच वीज, आणि तिच्यावरच मोटर फिरते.

पलीकडच्या बाजूला बाहेरून घेतलेली हवा असते. तारेने आलेले इलेक्ट्रॉन, पडद्यातून आलेले प्रोटॉन आणि हवेतला ऑक्सिजन तिथे एकत्र येतात आणि पाणी तयार होते. एक किलो हायड्रोजनमागे नऊ किलो पाणी. यात कुठेही ज्वाला नाही, स्फोट नाही, पिस्टन नाही.

एका सेलमधून भार असताना जेमतेम 0.6 ते 0.7 व्होल्ट मिळतात, घड्याळाच्या पेन्सिल सेलच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून शेकडो सेल थप्पीसारखे एकावर एक रचतात. नव्या मिराईत असे 330 सेल आहेत आणि त्यांची मिळून कमाल क्षमता 128 किलोवॅट आहे. सोबत एक छोटी बॅटरीही असते. ब्रेक मारताना तयार होणारी वीज ती साठवते आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना मदतीला येते.

ही कल्पना नवी नाही. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1839 च्या सुमारास असा सेल करून दाखवला होता. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांमध्ये फ्युएल सेलचीच वीज होती आणि त्यातून निघालेले पाणी अंतराळवीर पीत होते.

हायड्रोजन टाकीत भरतात कसा?

वजनाचा विचार केला तर हायड्रोजनसारखे इंधन नाही. एक किलोत सुमारे 33 युनिट ऊर्जा असते, पेट्रोलच्या जवळपास तिप्पट. अडचण जागेची आहे. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे 12 हजार लिटर जागा व्यापतो. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. तो अख्खा भरला तर त्यात एक किलो हायड्रोजन मावेल.

म्हणून तो दाबून भरावा लागतो. सीएनजीचा दाब 200 ते 250 बार असतो. मिराईच्या टाक्यांमध्ये तो 700 बार आहे. एवढा दाब सहन करायला टाक्यांना बाहेरून कार्बन फायबरचे वेष्टन लागते. अशा तीन टाक्यांत मिळून 5.6 किलो हायड्रोजन बसतो. तो भरायला साधारण पाच मिनिटे लागतात आणि एका भरण्यात 650 किलोमीटरपर्यंत जाता येते, असा कंपनीचा दावा आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. बातम्यांमध्ये ‘हायड्रोजन ट्रक’ म्हणून दोन वेगळ्या गाड्या येतात. एकीत फ्युएल सेल असतो. दुसरीत डिझेलसारखेच इंजिन असते आणि त्यात हायड्रोजन प्रत्यक्ष जाळला जातो. दुसरी स्वस्त पडते आणि आपल्या मेकॅनिकच्या ओळखीची आहे. पण तिच्यात इंधन जास्त खर्च होते आणि नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइड काही प्रमाणात तयार होतात.

पुण्यात काय झाले?

या तंत्रज्ञानाचा भारतातला एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातच आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी ऑक्टोबर 2020 मध्ये देशी फ्युएल सेल बसवलेल्या कारची चाचणी घेतली. एका इलेक्ट्रिक कारमध्ये बदल करून 10 किलोवॅटचा फ्युएल सेल आणि 350 बार दाबाची टाकी बसवली होती. टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन मावत होता आणि ताशी 60-65 किलोमीटर वेगाने सुमारे 250 किलोमीटर जाण्याचा अंदाज होता. त्यानंतर 21 ऑगस्ट 2022 रोजी याच दोन संस्थांनी विकसित केलेली देशी बनावटीची पहिली हायड्रोजन फ्युएल सेल बस पुण्यात केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते सादर झाली.

पुढचा टप्पा रस्त्यावरच्या चाचण्यांचा. मार्च 2025 मध्ये केंद्राने पाच पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. त्यात 37 बस आणि ट्रक, नऊ हायड्रोजन पंप आणि सुमारे 208 कोटी रुपयांचे अर्थसाहाय्य आहे. या 37 पैकी 15 गाड्या फ्युएल सेलच्या आणि 22 हायड्रोजन इंजिनाच्या. दहा मार्ग ठरले. त्यात पुणे-मुंबई आहे, विदर्भातला एकही नाही.

मग बॅटरीच्या गाडीत काय वाईट आहे?

कार आणि दुचाकीपुरते बोलायचे तर काहीच नाही. इथे हिशेब अगदी सरळ आहे.

पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते. तो दाबायला आणि पंपापर्यंत न्यायला आणखी काही युनिट जातात. या एका किलोवर कार साधारण 100 किलोमीटर चालते. तेवढीच 55 युनिट वीज थेट बॅटरीत भरली, तर तशीच कार 300 किलोमीटर सहज जाते. सौर पॅनलमधून निघालेल्या 100 युनिटपैकी बॅटरीच्या गाडीत 75 च्या आसपास चाकांपर्यंत पोहोचतात, हायड्रोजनच्या गाडीत 25 ते 30. विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज, या दोन्ही पायऱ्यांवर गळती होते. ही गळती कोणत्या एका कंपनीची चूक नाही. यंत्रे सुधारतील तशी ती थोडी कमी होईल, संपणार नाही.

पैशांतही तोच हिशेब उमटतो. वीज पाच रुपये युनिटने मिळाली असे धरले, तरी एक किलोमागे नुसत्या विजेचेच 275 रुपये होतात. यंत्रे, दाब, वाहतूक आणि पंप यांचा खर्च त्यावर वेगळा.

म्हणून पुढची स्कूटर किंवा कार घेताना ‘हायड्रोजनवाली येऊ दे, मग घेऊ’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही. हायड्रोजन कारबाबत आघाडीवर असलेल्या प्रदेशांपैकी एक असलेल्या कॅलिफोर्नियातही शेल कंपनीने फेब्रुवारी 2024 मध्ये कारसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. दुसरीकडे, ह्युंदाईचे फ्युएल सेल ट्रक स्वित्झर्लंडमध्ये 2020 पासून मालवाहतूक करत आहेत. हायड्रोजनची खरी जागा कुठे आहे, ते या दोन उदाहरणांतून दिसते.

यवतमाळच्या रस्त्यांवर तो कुठे बसेल?

नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग 44 आपल्या जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जाऊन तेलंगणात उतरतो. पांढरकवड्याला रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहिले की लांब पल्ल्याच्या ट्रकांची रांग काय असते ते कळते. अशा 40 टनी ट्रकला एका दमात 500 किलोमीटर न्यायचे असेल, तर 600 ते 700 युनिटची बॅटरी लागते. तिचे वजन चार टनांच्या आसपास जाते. तेवढा माल कमी भरावा लागतो आणि चार्जिंगला थांबावे लागते ते वेगळेच. त्याच अंतरासाठी सुमारे 40 किलो हायड्रोजन पुरतो. टाक्यांसह त्याचे वजन टनाच्या आत राहते आणि भरणे अर्ध्या तासाच्या आत होते. ट्रकमालकासाठी हाच मुद्दा निर्णायक आहे. यवतमाळहून पुण्याला रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसचेही तसेच आहे.

वणीच्या कोळशाच्या ट्रकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. उकणी, राजूर भागातल्या खाणींतून निघणारे ट्रक बहुतेक वेळा जवळच्या रेल्वे सायडिंगपर्यंत किंवा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत फेऱ्या मारतात. अंतर कमी, मार्ग ठरलेला, माल भरताना आणि उतरवताना थांबा नक्की. अशा ठिकाणी चार्जर बसवून बॅटरीचे ट्रक चालवणे स्वस्त पडेल. ‘खाणींचा जिल्हा, म्हणून हायड्रोजन ट्रक’ अशी घोषणा कोणी केली, तर आधी हे अंतर विचारावे.

आपले ऊन आणि आपली धूळ

पुण्यात चाललेली गाडी मे महिन्यात वणीत तशीच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. फ्युएल सेल साधारण 60 ते 80 अंशांना काम करतो. डिझेल इंजिनाची बरीचशी उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेलला ती जवळपास सगळी रेडिएटरमधूनच बाहेर टाकावी लागते. बाहेर 45 अंश असतील, तर आत-बाहेरच्या तापमानातला फरक फारच कमी उरतो. मग रेडिएटर मोठा लागतो, पंखे जास्त वीज खातात आणि चढावर पूर्ण शक्ती मिळणे अवघड होते.

दुसरा प्रश्न हवेचा. हा सेल हवेतून ऑक्सिजन घेतो. कोळशाची धूळ आणि गंधकाची संयुगे आत गेली, तर प्लॅटिनमचा थर निकामी होऊ लागतो. त्यामुळे फिल्टर चांगल्या दर्जाचा हवा आणि तो वेळेवर बदलायला हवा. हायड्रोजनही 99.97 टक्के शुद्ध लागतो. पेट्रोलमधली भेसळ इंजिन काही दिवस सहन करते, फ्युएल सेल करत नाही.

हायड्रोजन येणार कुठून?

गाडीतून पाणी निघते म्हणून ती स्वच्छ, एवढे म्हणून भागत नाही. भारतात आज वर्षाला सुमारे 50 लाख टन हायड्रोजन वापरला जातो आणि तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अशा हायड्रोजनवर ट्रक चालवला, तर धूर रस्त्यावरून कारखान्यात हलतो, एवढेच.

सौर किंवा पवन विजेने पाण्यातून काढलेला तो हरित हायड्रोजन. त्यासाठी केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रानेही जुलै 2023 मध्ये स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले.

आता हे आपल्या जिल्ह्याच्या मापाने पाहू. दिवसाला 500 किलोमीटर चालणारे 100 ट्रक धरा. त्यांना रोज चार हजार किलो हायड्रोजन लागेल. त्यासाठी रोज सुमारे सव्वादोन लाख युनिट वीज, म्हणजे साधारण 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि 200 ते 250 एकर जमीन. पाण्याचा हिशेब रसायनशास्त्रानुसार किलोमागे नऊ लिटरचा असला, तरी शुद्धीकरण आणि यंत्रे थंड ठेवणे धरून तो 20 लिटरपर्यंत किंवा त्याहून वर जातो. म्हणजे रोज किमान 80 हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने हे सुमारे 1,450 लोकांचे पाणी आहे.

आकडा फार मोठा नाही, पण ज्या शहराने 2018 चा उन्हाळा पाहिला आहे, त्याला तो लहानही वाटणार नाही. निळोणा आणि चापडोह आटल्यावर टँकरसाठी लागलेल्या रांगा यवतमाळकर विसरलेले नाहीत. त्यामुळे धरणाचे पाणी हा पहिला पर्याय असू नये. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. तीच वाट इथेही शोधता येईल.

पऱ्हाट्यांतून हायड्रोजन निघेल का?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने पिकांच्या अवशेषांपासून सूक्ष्मजीवांच्या मदतीने थेट हायड्रोजन मिळवण्याची पद्धत विकसित केली आहे. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन, दुसऱ्यात मिथेन. कापसाचा जिल्हा म्हणून आपले कान इथे टवकारणे साहजिक आहे, कारण उलंगवाडीनंतर बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात, चुलीत जातात किंवा जाळले जातात.

मात्र त्या संशोधनात उल्लेख आहे तो धान, गहू, मका यांच्या अवशेषांचा. पऱ्हाटी लाकडासारखी टणक असते आणि तिच्यात लिग्निन जास्त असते. सूक्ष्मजीवांना ती तितक्या सहज पचेल, असे मानता येत नाही. वेगळी चाचणी घ्यावी लागेल. ती कोणीतरी इथल्या पऱ्हाट्या घेऊन घ्यावी, ही मागणी मात्र रास्त आहे.

स्फोटाची भीती किती खरी?

हायड्रोजन सहज पेटतो आणि त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही, हे खरे. तो हवेपेक्षा खूप हलका असल्याने गळती झाली की झपाट्याने वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही, हेही खरे. मोकळ्या जागेत हा गुण उपयोगी पडतो. बंद शेडमध्ये तो छताखाली जमतो. जून 2019 मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, तो टाकीच्या एका जोडणीत झालेल्या चुकीमुळे. म्हणजे प्रश्न प्रशिक्षित हातांचा आहे. आपल्याकडे सीएनजी किट रस्त्याकडेच्या शेडमध्ये बसवून मिळतात. 700 बारच्या टाकीशी तसा व्यवहार करता येणार नाही.

आधी कोणाला?

यवतमाळच्या शेतकऱ्याला हायड्रोजन नवा नाही; तो युरियाच्या गोणीतून घरी येतोच. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनिया हायड्रोजनपासून. 45 किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्च झालेला असतो, जवळपास मिराईच्या टाकीएवढा. तो आज आयात केलेल्या वायूवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, त्यामुळे केवळ हायड्रोजन बदलून सगळा प्रश्न सुटत नाही. तरीही महागडा हरित हायड्रोजन आधी कुठे वापरावा, याचा क्रम यातून लागतो. पहिला मान खत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा, जिथे त्याला दुसरा पर्यायच नाही. त्यानंतर लांब पल्ल्याचे ट्रक आणि बस. कार सगळ्यात शेवटी.

जिल्ह्यापुरत्या तीन गोष्टी आतापासून मागता येतील. पुढच्या टप्प्यातल्या चाचण्यांमध्ये महामार्ग 44 चा नागपूर ते पाटणबोरी हा पट्टा असावा, कारण 45 अंशांत आणि धुळीत न तपासलेली गाडी इथे विकत घेणे हा जुगार ठरेल. प्रकल्प येणार असेल, तर पाणी कुठून घेणार ते भूमिपूजनाआधी जाहीर व्हावे. आणि आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या टाक्या व उच्च व्होल्टेजच्या गाड्या हाताळण्याचे शिक्षण सुरू व्हावे. ते हायड्रोजन उशिरा आला तरी वाया जाणार नाही. इलेक्ट्रिक बस आणि सीएनजी गाड्या आजच रस्त्यावर आहेत.

राहिला तो व्हिडिओ. तो पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला एवढेच विचारा: पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज कुठून आणली?